खबर आणि उत्तर : तस्करीची सरहद्द आपल्या शेडपर्यंत

देशाबाहेर हातपाय पसरलेल्या अमली पदार्थांच्या तस्करीविरुद्ध आणखी जोर लावायला हवा, आणि खात्यात हयात घालवलेल्या माझ्यासारख्या पोलिसांचा त्याला मनापासून पाठिंबा आहे, असं मी गेल्या अंकात लिहिलं होतं. त्यावर भरपूर पत्रं आली. काही रागाची, काही भीतीची, बरीचशी नेमके प्रश्न विचारणारी. त्यात हा जून महिना. २६ तारखेला आपल्याकडं शाहू जयंती असते आणि जगभर तोच दिवस अमली पदार्थविरोधी दिन म्हणून पाळला जातो. म्हणून या वेळचं सगळं सदर याच विषयाला दिलं आहे. नावं छापलेली नाहीत. काहींनी तशी विनंती केली होती, बाकीच्यांच्या बाबतीत मीच ते ठरवलं.

प्रश्न : मॅडम, ड्रोननं हेरॉईन पंजाबात पडतं, बोटी गुजरातच्या समुद्रात पकडल्या जातात. आपल्या कोल्हापूरला ना सरहद्द, ना बंदर. मग इथल्या पोलिसांनी सीमेपलीकडच्या तस्करीवर बोलायचं कारण काय? आधी गल्लीतले गांजावाले उचला की!
(एक व्यापारी, लक्ष्मीपुरी)

दादा, गल्लीतले गांजावाले उचलायलाच पाहिजेत, त्यात दुमत नाही. पण तस्करी म्हणजे बाहेरून आत येणारा माल, असं तुम्ही धरून चालला आहात. आपल्या भागात गेल्या काही वर्षांत जे उघडकीला आलं, त्यातलं बरंचसं उलट्या दिशेचं आहे. इथं तयार होणारं आणि बाहेर जाणारं.

२०१६ साली ठाणे पोलिसांनी सोलापूरच्या एका कारखान्यातून एफेड्रिनचा अठरा टनांहून जास्त साठा जप्त केला. सर्दी-दम्याच्या औषधात लागणारं हे रसायन. त्यापासून मेथ नावाची जहरी नशा बनते, आणि पोलिसांच्या तपासात धागा थेट केनियापर्यंत गेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई पोलिसांचं अमली पदार्थविरोधी पथक आपल्याच जिल्ह्यात, चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीत उतरलं. एका फार्महाऊसवर एमडीचा, म्हणजे मेफेड्रोनचा कारखाना सापडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीत एमडी बनवणारा कारखाना पकडला. त्या प्रकरणातला माल दिल्लीत मिळाला, आपल्या शेजारच्या कुपवाडमध्ये मिळाला, आणि काही माल लंडनला गेल्याचं तपासात पुढं आलं. पुढच्याच महिन्यात कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत मुंबई गुन्हे शाखेनं शंभर किलोंहून जास्त एमडी पकडली. त्या गुन्ह्यात हवा असलेला एक आरोपी आखाती देशात जाऊन बसला होता. इंटरपोलच्या मदतीनं २०२५ मध्ये त्याला परत आणलं.

आता सांगा, सरहद्द कुठं आहे? उसाच्या फडामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माल शिजतो आणि त्याचा हिशेब परदेशात बसलेला माणूस ठेवतो.

बाहेरून आत येणारा मालही काही पंजाबात थांबत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंद्रा बंदरावर दोन कंटेनरमध्ये जवळजवळ तीन हजार किलो हेरॉईन सापडलं. अफगाणिस्तानातला माल, इराणच्या बंदर अब्बासमार्गे आलेला, आणि कागदावर लिहिलेलं होतं टाल्क, पावडरीत वापरतात तो दगड. पुढच्या वर्षी दिल्ली पोलिसांनी न्हावा शेवा बंदरात ज्येष्ठमधाचा कंटेनर धरला. वीस टनांच्या वर ज्येष्ठमध, आणि त्याच्या काड्यांना हेरॉईनचा लेप. आपण खोकल्याला चघळतो ते ज्येष्ठमध! त्यानंतर महिन्याभरात वाशीला दक्षिण आफ्रिकेतल्या संत्र्यांच्या पेट्यांआडून मेथ आणि कोकेन निघालं. बंदरातून सुटलेला कंटेनर रस्त्यानंच पुढं जातो, आणि मुंबईहून बंगळूरकडं जाणारा रस्ता तुमच्या लक्ष्मीपुरीपासून किती लांब आहे ते तुम्हाला मी सांगायला नको.

आणखी एक गोष्ट व्यापारी माणूस म्हणून तुम्हाला लगेच कळेल. एप्रिल २०२२ मध्ये तालिबाननं अफूच्या लागवडीवर बंदी घातली. संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीत २०२३ मध्ये तिथली अफू ९५ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं आणि म्यानमार पहिल्या नंबरवर आलं. पण या धंद्यातले लोक पुढच्या हंगामाची वाट बघत बसत नाहीत. अफूला जमीन लागते, हवामान लागतं. मेथ आणि एमडीला शेड, रसायनं आणि रसायनशास्त्र शिकून वाट सोडलेला एक माणूस पुरतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये तटरक्षक दलानं अंदमानजवळ म्यानमारची एक बोट पकडली, तिच्यात साडेपाच टनांहून जास्त मेथ होतं. एका बोटीत! म्हणून म्हणते, गल्लीतला गांजावाला उचलायचाच, पण त्याला उचलून फाईल बंद करायची नाही.

प्रश्न : ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. दर वेळी पेपरात फोटो येतो. मध्ये तोंडाला रुमाल बांधलेली तीन पोरं, मागं पोलिसांची रांग. माल देणारा शेठ कुठं दिसत नाही. पोरं आत आणि शेठ दुबईत. हे असंच चालणार का?
(शाहूपुरीतील एक वाचक)

राग कसला मानू? हाच प्रश्न मी नोकरीत असताना वरिष्ठांना विचारत होते. उत्तर जरा सविस्तर देते, कारण शेठपर्यंत पोचायचं म्हणजे काय, हे बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं.

एका रात्रीची गोष्ट सांगते. खासगी ट्रॅव्हल्सच्या डिकीतून मिक्सरचा खोका पार्सल म्हणून येणार आणि एक पोरगा तो घ्यायला येणार, अशी खबर होती. खबर आली की ती आधी कागदावर घ्यायची आणि ७२ तासांच्या आत वरिष्ठांना पाठवायची, हे एनडीपीएस कायद्याचं, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचं, कलम ४२. हा कागद नसला तर पुढचा सगळा खटला कोसळू शकतो. पोरगा आला, खोका घेतला, आम्ही धरला. अंगझडती घेण्याआधी त्याला सांगावं लागतं की, बाबा, तुझी झडती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर घ्यावी असा तुझा हक्क आहे. हे कलम ५०. म्हणून तहसीलदारांना झोपेतून उठवून आणलं. मिक्सरच्या बुडातली मोटर काढून टाकली होती आणि त्या जागी प्लास्टिकची पुडकी ठासून बसवलेली. आता वजन. एमडीच्या बाबतीत २ ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण आणि ५० ग्रॅमच्या वर व्यापारी प्रमाण. अल्प असेल तर शिक्षा जास्तीत जास्त वर्षाची, व्यापारी असेल तर किमान दहा वर्षं. अशा वेळी किराणा दुकानाचा तराजू काय कामाचा? गुजरीतल्या एका सराफाला विनंती केली. तो बिचारा अर्ध्या रात्री सोनं तोलायचा काटा पिशवीत घालून आला. काट्यावर आकडा पन्नासच्या पुढं गेला तेव्हा तो पोरगा रडायला लागला. त्याला एका खोक्यामागं दोन हजार रुपये मिळायचे. आत काय आहे ते त्यानं कधी उघडून बघितलं नव्हतं, निदान त्याचं म्हणणं तसं होतं.

त्याच्या मोबाईलमध्ये माल पाठवणाऱ्याचा एकच नंबर होता. नाव नाही, सिंहाचा फोटो. नंबर परदेशातला. आम्ही त्या नंबरची माहिती मिळावी म्हणून रीतसर पत्र वर पाठवलं. ते एका कार्यालयातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या कार्यालयात गेलं. उत्तर आलं तोवर पोरग्यावर दोषारोपपत्र दाखल झालं होतं आणि तो नंबर केव्हाच बंद पडला होता. पेपरातल्या फोटोत शेठ का दिसत नाही, याचं एक मोठं कारण हे आहे. पोलिसांना तो पकडायचा नसतो असं नाही. हवा तो कागद हव्या त्या वेळी परदेशातून येत नाही.

यात फरक पडायला लागला आहे, हेही सांगायला हवं. पूर्वी इंटरपोलकडं काही मागायचं तर जिल्हा पोलिसांचं पत्र टप्प्याटप्प्यानं सीबीआयकडं जायचं, कारण आपल्या देशात इंटरपोलचं काम तेच बघतात. जानेवारी २०२५ मध्ये 'भारतपोल' नावाचं पोर्टल सुरू झालं आणि राज्यांच्या पोलिसांची मागणी त्यावरून सरळ सीबीआयपर्यंत पोचायला लागली. पकडलेल्या आरोपींची देशभरातली नोंद एका ठिकाणी बघता येते, त्याला 'निदान' म्हणतात. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात राज्यानं मोक्का कायद्यात दुरुस्ती करून अमली पदार्थांच्या टोळ्याही त्यात आणल्या. एनडीपीएस कायद्यात पैसा पुरवणाऱ्याला कलम २७-अ आहे, कट रचणाऱ्याला कलम २९ आहे, काळ्या पैशातून घेतलेली मालमत्ता गोठवायची तरतूद आहे. १९८८ च्या कायद्याखाली सराईत तस्कराला स्थानबद्धही करता येतं. हत्यारं आहेत. ती वापरायला तपास अधिकाऱ्याकडं वेळ पाहिजे, आणि बंदोबस्त, मिरवणुका, व्हीआयपी दौरे यांतून तो मिळत नाही, ही खरी अडचण आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या तूफान सिंग निकालाबद्दल काही अधिकारी कुरकुर करतात. आरोपीनं तपास अधिकाऱ्याजवळ दिलेला कबुलीजबाब पुरावा धरता येणार नाही, असं न्यायालयानं सांगितलं. मला विचाराल तर त्यानं तपास सुधारला. 'तो म्हणाला' यावर केस उभी करायची सवय मोडली. आता टोलनाक्यावरची नोंद, फास्टॅग, बँकेचे व्यवहार, टॉवर लोकेशन, पार्सलची पावती असं सगळं गोळा करत मागं जावं लागतं. ढोलगरवाडीचा कारखाना तसाच सापडला होता. मुंबईत एका महिलेकडं मिळालेल्या एमडीपासून पथक मागं मागं येत चंदगडला पोचलं. इरळीचा तपासही कुर्ल्यात पकडलेल्या एका महिलेपासूनच सुरू झाला. पुडी हातात आली की ती कुणाला जाणार होती याच्याइतकंच ती कुठून आली हे विचारायचं, आणि उत्तर राज्याबाहेर, देशाबाहेर गेलं तरी थांबायचं नाही. यासाठी परदेशाशी होणाऱ्या करारांना आणि माहितीच्या देवाणघेवाणीला गती पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. ही मागणी दिल्लीच्या साहेबांएवढीच तालुक्याच्या ठाण्यातल्या हवालदाराचीही असायला हवी.

प्रश्न : मॅडम, मी सीमाभागात ड्युटी करतो. नाकाबंदीत संशयित गाडी निसटली आणि कागलच्या पुढं गेली की कर्नाटक लागतं. आम्ही तिथंच थांबायचं का?
(एक पोलिस शिपाई)

नाही बाळा, थांबायचं नाही. आरोपीचा पाठलाग करत देशात कुठंही जाऊन अटक करायचा अधिकार कायद्यानं पोलिसांना आहे. पण निघण्याआधी कंट्रोलला सांग, स्टेशन डायरीला नोंद करून घे आणि पलीकडच्या ठाण्याला फोन कर. निपाणी, संकेश्वर, हुक्केरीच्या ठाण्यांतल्या लोकांचे नंबर तुझ्या मोबाईलमध्ये असायला हवेत. वरिष्ठांच्या सीमा बैठका होतात, चहापान होतं, ते चांगलंच आहे. पण रात्री अडीच वाजता उपयोगाला येते ती दोन शिपायांची ओळख.

मुद्देमालाबाबत एक लक्षात ठेव. डिसेंबर २०२२ मध्ये नवे नियम आले. नमुने आता जागेवर काढायचे नाहीत, कलम ५२-अ प्रमाणे मॅजिस्ट्रेटसमोर काढायचे. गांजाचा नमुना २४ ग्रॅमचा, तोही दोन प्रतींत. जागेवर पंचनामा, वजन, सील, फोटो नीट झाले पाहिजेत. सीलवर पंचांच्या सह्यांचं लेबल लावायचं राहून गेलं, तर दहा वर्षांनी न्यायालयात बचावाचा वकील त्याच एका मुद्द्यावर उभा राहतो.

प्रश्न : माझी चंदगड भागात पोल्ट्रीची रिकामी शेड आहे. बाहेरगावचे दोघे जण चालू भाड्याच्या तिप्पट रक्कम द्यायला तयार आहेत, सहा महिने आगाऊ, रोख. 'काजूवर प्रक्रिया करायची आहे, करार वगैरे नको' म्हणतात. बँकेचा हप्ता थकलाय, मोह होतोय. काय करू?
(एक शेतकरी)

दादा, पैसे घेऊ नका. हप्त्याची ओढ मला कळते, तरी हे पैसे घेऊ नका.

काजूच्या धंद्यातला माणूस भाडं घासाघीस करून कमी करतो, ते आपण होऊन तिप्पट करत नाही. करार नको म्हणतो तो आपलं नाव कुठं उमटू नये म्हणून. एनडीपीएस कायद्याच्या कलम २५ मध्ये स्वच्छ लिहिलं आहे : आपली जागा अशा गुन्ह्यासाठी जाणूनबुजून वापरू देणाऱ्यालाही तीच शिक्षा. 'मला माहीत नव्हतं' हे तुम्ही म्हणाल. पण तिप्पट भाडं, रोखीत, करार न करता घेतलंत तर ते न्यायालयाला पटवणं फार अवघड जाईल, कारण या कायद्यात आरोपीच्या मनात गुन्ह्याची जाणीव होती असं न्यायालय गृहीत धरतं आणि तशी ती नव्हती हे आरोपीनं सिद्ध करायचं असतं.

ज्यांनी आधीच जागा दिली आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. खिडक्यांना आतून काळं प्लास्टिक, फक्त रात्री चालणारे पंखे, नाकात झोंबणारा किंवा डोळ्यांत पाणी आणणारा वास, लेबल खरवडून काढलेले कॅन आणि ड्रम, शेडभोवतीचं गवत अचानक करपणं, आणि गावात किराणा आणायलाही न फिरकणारे कामगार. यातलं दोन-तीन एकत्र दिसलं तर आत डोकवायला जाऊ नका. ती रसायनं पेट घेतात, त्यांची वाफ छातीत बसते. बाहेर या आणि फोन करा.

फोन कुठं? ११२ आहेच. खास या कामासाठी १९३३ हा राष्ट्रीय क्रमांक जुलै २०२४ पासून सुरू आहे, 'मानस' नावानं. नाव न सांगता खबर देता येते. 'खबर दिली तर साक्षीला ओढतील' ही भीती अनेक पत्रांत होती, म्हणून सगळ्यांनाच सांगते : कलम ६८ प्रमाणे खबर कुणाकडून मिळाली हे सांगायची सक्ती अधिकाऱ्यावर न्यायालयही करू शकत नाही. माझ्या माहितीतल्या खबऱ्यांची नावं माझ्या घरच्यांनाही ठाऊक नाहीत.

शेड अशा लोकांना देण्यापेक्षा बँकेच्या शाखेत जाऊन हप्त्यांची फेरमांडणी मागा. त्याबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही, पण तुमच्या विकास सोसायटीच्या सचिवांशी आधी बोला.

प्रश्न : आम्ही पाच मित्र गोव्याला गाडीनं गेलो होतो. परत येताना आंबोली चढल्यावर एकानं खिशातून गोळ्या काढून दाखवल्या. 'एक घे, बाकीच्या कॉलेजात विकू' म्हणाला. मी नाही म्हणालो. पण वाटेत पकडलो असतो तर?
(शिवाजी विद्यापीठातील एक विद्यार्थी)

पकडला असतास तर तुम्ही पाचही जण ठाण्यात आला असता. गाडीत माल आहे हे माहीत असून तू बसून राहिलास, इथून चौकशी सुरू झाली असती. ज्याला 'एक्स्टसी' म्हणतात त्या एमडीएमएचं व्यापारी प्रमाण फक्त १० ग्रॅम आहे. गोळ्या किती होत्या ते तू लिहिलं नाहीस, पण गोळीत मिसळलेल्या बाकीच्या पदार्थासकट सगळं वजन धरलं जातं, हे २०२० पासून पक्कं झालं आहे. मूठभर गोळ्यांत तो आकडा पार होतो. मग कलम ३७ लागतं, आणि आरोपी निर्दोष असावा असं न्यायालयाला सकृद्दर्शनी वाटल्याशिवाय जामीन मिळत नाही. वर्ष, दोन वर्षं कळंबा जेलात काढलेली पोरं मी पाहिली आहेत. बाहेर आल्यावर त्यांची वयं वाढलेली असतात आणि वर्गमित्र नोकरीला लागलेले असतात.

तू नाही म्हणालास हे चांगलं केलंस. पुढच्या वेळी गाडीतून उतर. आंबोलीला एसटी मिळते. आणि तो 'विकू' म्हणाला हे विसरू नकोस. अशाच एखाद्या मित्राला पहिल्यांदा फुकट, मग उधारीवर आणि उधारी थकली की फेडण्यासाठी विकायला लावतात. त्याच्याशी दोस्ती असेल तर त्याच्या घरी थोरल्या भावाला सांग.

प्रश्न : ताई, माझा मुलगा चोवीस वर्षांचा आहे, यंत्रमागावर जातो. दोन-दोन रात्री झोपत नाही, जेवत नाही, दात खातो, कुणीतरी पाठीमागं लागलंय म्हणतो. खिशात पांढऱ्या पावडरीची पुडी सापडली. पोलिसांत गेले तर त्याला आत टाकतील, नाही गेले तर तो जाईल. मी कुणाला सांगू?
(एक आई, इचलकरंजी)

ताई, तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी तुम्हाला कळवलं आहे. इथं छापते आहे ते तुमच्यासारख्या इतर आयांसाठी.

आधी दवाखाना. तुम्ही लिहिलेली लक्षणं एमडीची असू शकतात, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात घेऊन जा. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी क्रमांक आहे. त्याला खोलीत कोंडून ठेवू नका, मारू नका, 'कोण मागं लागलंय दाखव' म्हणून वाद घालू नका. त्याच्या डोक्यात भीती शिरली असेल तर तो जिवाचं काही करून घेऊ शकतो, म्हणून एकट्याला सोडू नका. कुणी 'तीन महिन्यांत बरा करतो, भेटायला यायचं नाही' म्हणणारं केंद्र सुचवलं तर मानसिक आरोग्य सेवा कायद्याखाली नोंदणी आहे का ते विचारा. कागद दाखवत नसतील तर परत फिरा.

कायद्याचं म्हणाल तर सेवन हा गुन्हा आहे, पण कलम ६४-अ मध्ये व्यसनी माणसासाठी वाट ठेवली आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेला माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल आणि ते पूर्ण करत असेल, तर त्याच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र हे संरक्षण जाऊ शकतं.

पुडी टाकून द्या. ती विकणारा कोण हे मुलगा बरा झाल्यावर सांगेल. तेव्हा मला पुन्हा लिहा, योग्य माणसाशी गाठ घालून देईन. त्याच्यापर्यंत आलेली ती पुडी कुठल्या शेडमधून निघाली, हे मला आणि खात्यातल्या अनेकांना हवं आहे. पण तो बरा होण्याआधी नको.

प्रश्न : तालमीतली काही पोरं व्यायामाआधी कसलं तरी इंजेक्शन मारतात. विचारलं तर 'दम वाढतो, वस्ताद' म्हणतात. हे ड्रग्जमध्ये येतं का?
(एक वस्ताद, कोल्हापूर)

वस्ताद, ते बहुधा मेफेन्टरमाईन असणार. ऑपरेशनच्या वेळी भूल दिलेल्या रुग्णाचा रक्तदाब घसरला तर तो वर आणायला डॉक्टर हे औषध वापरतात. निरोगी पोरानं टोचून घेतलं की हृदय भरधाव धावायला लागतं, झोप जाते, भास होतात आणि सवय लागते. एनडीपीएसच्या यादीत ते नाही, पण चिठ्ठीशिवाय विकणं गुन्हा आहे आणि विकणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम १२३ खालीही कारवाई होते. रिकाम्या बाटल्या जपून ठेवा, त्यावरचा बॅच नंबर अन्न व औषध प्रशासनाला द्या. त्या नंबरावरून ती बाटली कुठल्या दुकानातून निघाली ते कळतं. शाहू महाराजांच्या गावच्या तालमीत दम लाल मातीनं वाढतो, हे पोरांना तुमच्याइतकं पटवून दुसरं कोण सांगणार?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. व्हिडिओ कॉलवर वर्दीतल्या माणसानं सांगितलं, 'तुमच्या आधारकार्डावर परदेशी पाठवलेल्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले, मी नार्कोटिक्स ब्युरोतून बोलतोय, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात.' दोन दिवस कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवलं. दीड लाख भरले. घरी अजून सांगितलेलं नाही. आता तक्रार करून काय उपयोग?
(जयसिंगपूर)

गुरुजी, तुमचं काहीही चुकलेलं नाही. माणसाचं आयुष्यभराचं नाव पणाला लावून घाबरवायचं, हाच त्या लोकांचा धंदा आहे, आणि जितका सरळ माणूस तितका तो जास्त घाबरतो. डिजिटल अरेस्ट नावाची कुठलीही गोष्ट कायद्यात नाही. पंतप्रधानांनीही ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मन की बात'मध्ये हे सांगितलं होतं. खरा अधिकारी अटक करायला दारात येतो, अटकेची कारणं सांगतो, नातेवाइकाला कळवतो. फोनवर पैसे मागत नाही.

तक्रारीचा उपयोग आहे. पैसे जाऊन काही तास झाले असतील तर १९३० वर फोन केल्यावर ते वाटेत गोठवता येतात. तुमच्या बाबतीत ती वेळ गेली असली, तरी तुमचे दीड लाख ज्या खात्यात गेले ते खातं कुणाचं तरी आहे. बहुतेक वेळा कॉलेजातल्या पोराचं किंवा मजुराचं, पाच-दहा हजारांना भाड्यानं घेतलेलं. तिथून पैसा तासाभरात अनेक खात्यांत फुटतो आणि देशाबाहेर जातो. अमली पदार्थांचा पैसाही अशाच भाड्याच्या खात्यांतून फिरवला जातो. सीमेपलीकडच्या माणसाला कोल्हापुरात हात लागतात ते या खात्यांचे. तुमची तक्रार नोंदली गेली नाही तर ते खातं चालूच राहतं, आणि पुढच्या महिन्यात त्यात दुसऱ्या कुणाचे पैसे येतील.

तेव्हा आज घरी सांगा. मुलाला किंवा सुनेला सोबत घेऊन या आठवड्यात सायबर पोलिस ठाण्यात जा. बँकेचं स्टेटमेंट, पैसे पाठवल्याचा यूटीआर क्रमांक, कॉलचे आणि मेसेजचे स्क्रीनशॉट, त्यांनी पाठवलेली खोटी नोटीस, जे असेल ते न्या. मोबाईलमधलं काही पुसू नका. ठाण्यात कुणी टाळाटाळ केली तर तारीख आणि वेळ लिहून ठेवा, पोलिस अधीक्षक कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.